आबांची कॅप्सूल : कोपरखैरण्यातलं एक प्रकरण

रुग्ण ५७ वर्षांचे. तुर्भ्याच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी, राहायला कोपरखैरण्यात, गाव पाटण तालुक्यात. १४ महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला, एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी. आले ते डोकं जड आणि उठताना चक्कर म्हणून. बीपी १६४/९६, नाडी ९२. छातीत दुखणं नाही, दम नाही. ईसीजीत जुन्या अटॅकच्या खुणा, नवीन काही नाही. टूडी इकोत हृदयाची पंपिंगची ताकद ४५ टक्के, म्हणजे थोडी कमी. उपाशीपोटी साखर १४२, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १३८. नाव सांगायची गरज नाही. घरात, टोळीत सगळे त्यांना आबा म्हणतात.

एलडीएल १३८ हा आकडा बघूनच अर्धी गोष्ट कळली होती. डिस्चार्ज कार्डावर ॲटोर्वास्टॅटिन ४० मिलिग्रॅम लिहिलेलं, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी. ते रोज घेणाऱ्या माणसाचं एलडीएल सहसा मूळच्या निम्म्यापर्यंत येतं. आबांचं अटॅकच्या वेळचं एलडीएल कार्डावर होतं, १४१. म्हणजे गोळी पोटात जातच नव्हती.

"आबा, गोळ्या चालू आहेत का?"

"चालू हायत की."

हा प्रश्न मी विचारतो, पण त्याच्या उत्तरावर विसंबत नाही. "घरात असतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा," एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांची सून पिशवी घेऊन आली, आबा मागे.

डिस्चार्ज कार्डावर औषधं सात होती: ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर (रक्ताची गुठळी होऊ न देणारी), ॲटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल (नाडी आणि बीपी उतरवणारं), रॅमिप्रिल (बीपीचं), पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीचं) आणि मेटफॉर्मिन (शुगरचं). यातली दोन दिवसातून दोनदा घ्यायची. रोजच्या गोळ्या नऊ. पिशवीत पाकिटं बरीच निघाली, पण कात्रीने कापलेली. नाव एका तुकड्यावर, एक्स्पायरी दुसऱ्यावर, आणि तो दुसरा तुकडा कधीच फेकून दिलेला. मेडिकलवाल्याकडून "पाच दिवसांच्या द्या" म्हणून घेतलं की असंच होतं. रॅमिप्रिलची दोन वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटं होती, एक नवी मुंबईचं, एक गावाकडचं, आणि आबांच्या मते ती दोन वेगळी औषधं. म्हणून त्यांनी "एक बीपीची बास" असं ठरवून एक बंद केलेलं. पुढे दुसरंही संपलं.

नियमाने संपत होत्या त्या फक्त दोन गोळ्या, पॅन्टोप्राझोल आणि मेटफॉर्मिन. पहिलीने जळजळ थांबते, ती नाही घेतली तर कळतं. दुसरीचा धाक "शुगर वाढंल" या शब्दात आहे, शिवाय घरात एकाचा पाय शुगरने गेलेला सगळ्यांनी पाहिलेला. बाकीच्या गोळ्या घेतल्या तरी काही जाणवत नाही, नाही घेतल्या तरी काही जाणवत नाही. ॲटोर्वास्टॅटिन पाच महिन्यांपासून बंद होतं. ॲस्पिरिन "मधनंमधनं". टिकाग्रेलॉर महाग म्हणून वर्षाच्या आधीच सुटलेलं. हे आबांचंच नाही, जगभर असंच आहे. प्युअर या मोठ्या पाहणीचे २०११ साली लॅन्सेटमध्ये आलेले आकडे सांगतात की गरीब देशांत हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या लोकांपैकी सुमारे ८० टक्के अटॅक पुन्हा येऊ नये म्हणून द्यायच्या अशा औषधांपैकी एकही घेत नव्हते.

त्यात आबांचा दिवस. पहाटे चारला उठतात, साडेचारला मार्केट. दुपारी दोनच्या सुमारास घरी, जेवून झोप. रात्री लवकर जेवण. अटॅकनंतर टोळीने त्यांना गोण्या उचलण्यातून काढून काट्यावर, मोजणीवर ठेवलंय. मुकादम समजूतदार निघाला. पण वेळा त्याच राहिल्या. "सकाळ-दुपार-रात्र" असं छापलेलं कार्ड या दिवसाला कुठेच बसत नाही. दुपारची गोळी म्हणजे झोपेतली गोळी.

संयुक्त गोळीचा, म्हणजे अनेक औषधं एकाच गोळीत घालण्याचा, विचार इथे येतो. कल्पना नवी नाही. २००३ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये वॉल्ड आणि लॉ या दोघांनी मांडलं होतं की स्टॅटिन, कमी डोसमधली तीन बीपीची औषधं, ॲस्पिरिन आणि फॉलिक ॲसिड एकाच गोळीत घालून पंचावन्नच्या पुढच्या सगळ्यांना दिली तर हृदयविकार आणि पक्षाघात ८० टक्क्यांहून जास्त कमी होतील. तेव्हा पुष्कळ हसू झालं, थोडी भांडणंही झाली. ८० टक्क्यांचा तो आकडा कागदावरचा होता, पुढच्या कुठल्याही चाचणीत तो दिसला नाही. पण गोळी मेली नाही. गंमत म्हणजे ती उभी राहिली त्यातला मोठा वाटा आपल्या देशातला आहे. अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सची पॉलिकॅप ही पाच औषधांची कॅप्सूल बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी देशातल्या ५० केंद्रांवर २,०५३ लोकांत तपासली, २००९ मध्ये निकाल आला. बीपी आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरले, आणि पाच औषधं एकत्र कोंबली म्हणून त्रास वाढला नाही.

आबांच्या बाबतीत मला उपयोगी पडला तो अम्पायर नावाच्या चाचणीचा एक तुकडा. २०१३, भारत आणि युरोपातले मिळून २,००४ रुग्ण. निम्म्यांना चार औषधांची एक गोळी, निम्म्यांना त्यांच्या नेहमीच्या सुट्या गोळ्या. शेवटी औषध नियमित घेणारे एका गोळीच्या गटात ८६ टक्के, सुट्यांच्या गटात ६५. हा झाला मथळा. पण जे लोक सुरुवातीलाच औषध चुकवत होते, फक्त त्यांचे आकडे पाहिले तर एका गोळीवर ७७ टक्के आणि सुट्यांवर २३. संयुक्त गोळीचा खरा गिऱ्हाईक हा. जो सात डब्यांतून सात गोळ्या शिस्तीत काढून घेतो त्याला तिची फारशी गरज नाही.

आणि अटॅकनंतरच्या रुग्णांत या गोळीने जीव वाचतो का, याचं उत्तर २०२२ मध्ये सिक्युअर चाचणीत मिळालं. युरोपातल्या सात देशांतले २,४९९ रुग्ण, अटॅक येऊन सहा महिन्यांच्या आतले. ॲस्पिरिन, रॅमिप्रिल आणि ॲटोर्वास्टॅटिन यांची एक कॅप्सूल घेणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांतलं काहीतरी ९.५ टक्क्यांना झालं. नेहमीच्या उपचारांत १२.७ टक्क्यांना. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा संयुक्त गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या.

तरीही आपल्याकडे "कॉम्बिनेशन" म्हटलं की जुन्या डॉक्टरांच्या कपाळावर आठी येते, आणि ती अगदीच बिनबुडाची नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर एका फटक्यात बंदी घातली होती. त्यात ज्यांना एकत्र यायचं काही कारणच नाही अशी औषधं एका गोळीत बसवलेली पुष्कळ होती. त्या कचऱ्यामुळे चांगल्या जोड्याही बदनाम झाल्या.

आता आबांना काय द्यायचं. बाजारात सहज मिळणाऱ्या तीन-औषधी कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन ७५, रॅमिप्रिल ५ आणि ॲटोर्वास्टॅटिन बहुतेक वेळा १० मिलिग्रॅम असतं. इथे खरी अडचण आहे. सिक्युअरमधल्या कॅप्सूलमध्ये ॲटोर्वास्टॅटिन ४० किंवा २० होतं. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला १० देणं म्हणजे कमी देणं, हे कुठलाही हृदयरोगतज्ज्ञ सांगेल. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा रुग्णाचं एलडीएल ५५ च्या खाली हवं. १३८ वरून ॲटोर्वास्टॅटिन १० ने फार तर नव्वदच्या आसपास येणार.

मी तरी तीच कॅप्सूल दिली, सहा आठवड्यांसाठी, आणि विचार करून दिली. स्टॅटिनचं गणित सरळ नसतं. पहिल्या १० मिलिग्रॅममध्ये एलडीएल तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरतं. पुढे डोस दुप्पट केला की दर वेळी आणखी साधारण सहाच टक्के. मोठी उडी शून्यावरून दहावर असते, दहावरून चाळीसवर नाही. पाच महिने शून्यावर बसलेल्या माणसाला आधी दहावर आणू, हात बसला की वर जाऊ. शिवाय ॲटोर्वास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं, ते रात्रीच घ्यावं असं नाही. सिम्वास्टॅटिन हे दुसरं स्टॅटिन असतं तर रात्रीची अट आली असती आणि आबा रात्री नऊच्या आत घोरत असतात.

बीपीच्या औषधांतून पाणी काढणारी गोळी, म्हणजे हायड्रोक्लोरोथायाझाइड, असलेली चार-पाच औषधांची कॅप्सूल मी मुद्दाम टाळली. पत्र्याच्या गाळ्यात एप्रिल-मे महिन्यात सोडियम घामावाटे आधीच जातं, त्यात ही गोळी भर घालते. साखरेलाही ती फारशी बरी नाही. मेटोप्रोलॉल वेगळं ठेवलं, २५ मिलिग्रॅम, कारण नाडी ९२ होती आणि पंपिंग कमी. मेटफॉर्मिन दोनदाऐवजी एकदाच घ्यायच्या हळू सुटणाऱ्या गोळीवर नेलं.

पॅन्टोप्राझोल खरं तर काढता आलं असतं. टिकाग्रेलॉर बंद झालेलं, अल्सरचा इतिहास नाही. काढलं नाही. आबांच्या मते गुण देणारी गोळी तीच. ती काढून घेऊन "या न जाणवणाऱ्या तीन घ्या" म्हणालो असतो तर माझ्यावरचाच विश्वास उडाला असता. उलट तिचाच उपयोग करून घेतला. पहाटे उठल्यावर आबा ती न चुकता घेतात, मग चहा-चपाती. सुनेला सांगितलं, चहाच्या कपाशेजारी बाकीच्या तीन ठेवायच्या. दिवसातून एकदाच, पहाटे, विषय संपला. कापलेली पाकिटं घ्यायची नाहीत, महिन्याचं अख्खं पाकीट घ्यायचं, हेही तिलाच सांगितलं. सून बारावी झालेली, हिशोबाला पक्की. तिने कॅलेंडरवर फुल्या मारायला सुरुवात केली. आबांना वाटलं दुधाचा हिशोब आहे.

रॅमिप्रिलने दहातल्या एखाद्याला कोरडा खोकला येतो, आपल्याकडे थोडा जास्तच. तसं झालं तर गोळी बंद न करता आधी मला कळवा, असं सगळ्यांदेखत सांगितलं. दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम पाहिलं, दोन्ही ठीक.

सहा आठवड्यांनी बीपी १३८/८६, नाडी ७२, एलडीएल ९२. कॅलेंडरवर तीन दिवस मोकळे. चौदा महिन्यांत पहिल्यांदा आकडे खाली आले होते. आता स्टॅटिन वाढवायचं होतं, पण तेवढ्यात गणपती आले.

कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीतल्या माथाड्यांसाठी गणपती म्हणजे गावी जाणं, त्यावर चर्चा नसते. आबा पंधरा दिवसांसाठी पाटणला गेले, सून मुलाच्या शाळेमुळे इथेच राहिली. जाण्याआधीच आबांना रात्री ढास लागायला सुरुवात झाली होती. "कांद्याची धूळ" म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. गावी ती वाढली. तिथल्या कुणीतरी पाकीट बघून सांगितलं, "आबा, ह्या गोळीनंच येतोय खोकला. बंद करा."

सांगणाऱ्याचं निदान अगदी बरोबर होतं. रॅमिप्रिलसारखी औषधं ज्या एन्झाइमला अडवतात तेच शरीरातलं ब्रॅडिकायनिनही मोडत असतं. ते मोडलं नाही की श्वासनलिकेत साठतं आणि कोरडा, थांबता थांबत नाही असा खोकला येतो. पण बंद काय झालं? सुट्या गोळ्या असत्या तर फक्त रॅमिप्रिल. इथे त्याच्याबरोबर ॲस्पिरिन गेलं आणि स्टॅटिनही गेलं. स्टेंट घातलेला माणूस दोन आठवड्यांहून जास्त ॲस्पिरिनशिवाय, आणि घरातल्या कुणालाही त्याची कल्पना नाही, कारण त्यांच्या हिशोबात बंद झाली होती ती एक "खोकल्याची गोळी". मेटोप्रोलॉल, मेटफॉर्मिन आणि लाडकं पॅन्टोप्राझोल मात्र चालू होतं.

परत आल्यावर सूनच त्यांना घेऊन आली. तिने कॅलेंडरशी पाकीट ताडून पाहिलं होतं. बीपी १५८/९४. ईसीजी आहे तसाच. खोकला निम्म्यावर आला होता. एवढ्यावरून तो रॅमिप्रिलचाच असं म्हणून मी मोकळा झालो नाही. दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला, शुगर असलेला माणूस, दाट वस्तीतलं घर: थुंकीची टीबीसाठी तपासणी आणि छातीचा एक्स-रे दोन्ही केलं. पंपिंग कमी असलेल्या हृदयातही रात्री खोकला येऊ शकतो, म्हणून फुप्फुसात पाणी आहे का तेही ऐकलं. काहीच सापडलं नाही आणि पुढच्या दहा दिवसांत खोकला पूर्ण गेला. तेव्हा तो रॅमिप्रिलच्या नावावर टाकला.

आता नव्याने मांडणी करायची होती. सोपा मार्ग एक होता: संयुक्त गोळीचा प्रयोग फसला म्हणायचं आणि पुन्हा सात पाकिटांवर जायचं. त्या वाटेने आबा आधी कुठे पोहोचले होते ते पिशवीत पाहिलं होतं. दुसरा मार्ग, औषधं एकत्रच ठेवायची पण वेगळ्या तऱ्हेने वाटायची.

इराणातल्या गोलेस्तान प्रांतातल्या पॉलिइरान चाचणीत याचं उत्तर तयारच होतं. ६,८३८ लोक, पाच वर्षं, निकाल २०१९ चा: संयुक्त गोळी मिळालेल्यांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना ५.९ टक्के, फक्त आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्यांत ८.८. त्या संशोधकांनी गोळी एकच केली नव्हती, दोन केल्या होत्या. पहिलीत रॅमिप्रिलच्याच गटातलं एनालाप्रिल. ज्यांना खोकला आला त्यांना दुसरी, बाकी सगळं तेच, फक्त एनालाप्रिलच्या जागी व्हल्सार्टन, म्हणजे सार्टन गटातलं बीपीचं औषध, ज्याने खोकला सहसा येत नाही. खोकला येणार हे त्यांनी गोळी बनवतानाच धरून ठेवलं होतं. रॅमिप्रिलच्या जागी सार्टन गटातलं औषध चालतं याचा भक्कम पुरावा तर २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीपासून आहे: टेल्मिसार्टन रॅमिप्रिलपेक्षा कमी पडलं नाही, आणि खोकल्यामुळे औषध सोडणारे ४.२ टक्क्यांवरून १.१ वर आले.

मी वाटणी अशी केली. जी औषधं आबांनी आता जन्मभर एक दिवसही सोडायची नाहीत, ती एका कॅप्सूलमध्ये: ॲस्पिरिन ७५ आणि रोझुवास्टॅटिन २० (ॲटोर्वास्टॅटिनपेक्षा जोरकस स्टॅटिन). यांचा डोस सहसा हलत नाही. ज्यांचा डोस बदलत राहणार, उन्हाळ्यात कमी होणार, जुलाब लागले तर दोन दिवस थांबवावा लागणार, ती दुसऱ्या गोळीत: टेल्मिसार्टन ४० आणि मेटोप्रोलॉल २५. बीपीच्या गोळीला काही झालं तर ती थांबेल, ॲस्पिरिन-स्टॅटिनला धक्का लागणार नाही. तिसरी गोळी मेटफॉर्मिनची, चौथी पॅन्टोप्राझोलची. एका गोळीत चारही औषधं बसतात म्हणून ती बसवावीत असं नाही. कोणती औषधं एकत्र बंद झालेली चालतील आणि कोणती नाही, यावरून जोड्या लावाव्यात, असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं आहे. औषधकंपनीच्या माहितीपत्रकात जोड्या दिसतात त्या कारखान्याच्या सोयीच्या.

याचा एक फायदा मी धरला नव्हता. आबा आता दोन गोळ्या नावाने ओळखतात: "स्टेंटची" आणि "बीपीची". सात औषधांची नावं त्यांना कधीच जमली नसती. स्टॅटिनला "स्टेंटची" म्हणणं शास्त्राला धरून नाही. मी दुरुस्त केलं नाही.

प्रकरण इथे थांबलं असतं, पण आबांना एक धाकटा भाऊ आहे.

वय ४९, त्याच मार्केटमध्ये टेम्पो चालवतो, राहायला शेजारच्याच खोलीत. आबांच्या पहिल्या कॅप्सूलचं पाकीट अर्धं उरलं होतं. वहिनींनी, म्हणजे आबांच्या बायकोने, ते दिराला दिलं. "ह्यांना खोकला आला म्हणून काय झालं, औषध चांगलं हाय, डॉक्टर म्हणत होते अटॅक येत नाही त्यानं. ह्याचंबी बीपी वाढतंय." घराघरात औषधं अशीच फिरतात, यात अडाणीपणा शोधण्यात अर्थ नाही. त्या माउलीने माझं म्हणणं नीट ऐकलं होतं आणि तिचा तर्कही जवळजवळ बरोबर होता.

दिराला तपासलं. सहा वर्षांपासून शुगर, तिची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ७.८. बीपी १४६/९२. एलडीएल १२८. तंबाखू-चुना दिवसभर. मोठ्या भावाला छप्पन्नव्या वर्षी अटॅक. हृदयाचा आजार अजून नाही, पण वाट पाहण्यासारखीही परिस्थिती नाही. इंटरहार्ट अभ्यासाच्या २००७ साली आलेल्या विश्लेषणात पहिल्या अटॅकचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३ निघालं होतं, इतरत्र ५८.८. म्हणजे आपल्याकडे जवळपास सहा वर्षं आधी.

तर मग यालाही संयुक्त गोळी का नको? हवी. प्रश्न तिच्यातल्या ॲस्पिरिनचा होता. इतिहास विचारताना कळलं की काही वर्षांपूर्वी काळं शौच झालं होतं, एन्डोस्कोपीत अल्सर निघाला होता. वहिनींना हे माहीत असायचं कारण नव्हतं. अटॅक येऊन गेलेल्या माणसात ॲस्पिरिनचा फायदा रक्तस्रावाच्या धोक्यापेक्षा मोठा असतो, म्हणून ते आबांना हवंच. अजून काहीच न झालेल्या माणसात हे पारडं जवळजवळ बरोबरीत येतं. २०१८ च्या असेंड चाचणीत १५,४८० मधुमेही होते, हृदयविकार कुणालाच नव्हता. ॲस्पिरिनने हृदयविकार-पक्षाघाताच्या घटना ९.६ टक्क्यांवरून ८.५ वर आल्या आणि मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेला. एका हाताने मिळालं, दुसऱ्याने गेलं. ज्याच्या पोटातून एकदा रक्त गेलंय त्याच्यासाठी तर हिशोब सरळ नुकसानीचा.

उलट बाजूचा पुरावाही सांगायला हवा. टिप्स-३ ही चाचणी, ५,७१३ लोक, जवळपास निम्मे भारतातले, हृदयविकार नसलेले पण धोका असलेले. ॲस्पिरिनशिवायच्या गोळीने घटना ५.५ टक्क्यांवरून ४.४ वर, ॲस्पिरिनसह ५.८ वरून ४.१ वर. म्हणजे ॲस्पिरिन घातल्यावर फायदा जास्त दिसतो. काही सहकारी याच आकड्यांवरून धोका असलेल्या सगळ्यांना ॲस्पिरिनवाली गोळी देतात. पोट चांगलं असलेल्या, नियमित दाखवायला येणाऱ्या रुग्णात मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. आबांच्या भावाला मात्र ती गोळी दिली नाही.

त्याला बीपीची, टेल्मिसार्टन आणि अॅम्लोडिपिन एकत्र असलेली एक गोळी आणि ॲटोर्वास्टॅटिन २० वेगळं, शुगरचं औषध पूर्वीचंच थोडं वाढवून. आबांचं उरलेलं पाकीट मागवून घेतलं आणि माझ्याकडेच ठेवलं. "दादाची पॉवरफुल, मला साधी," असं तो मार्केटात सांगत फिरतो असं कळलंय. तंबाखू दोन पुड्यांवरून एकीवर आली, असं तो म्हणतो. बायको मान डोलवत नाही.

आबांचे नव्या वाटणीनंतरचे आकडे: तीन महिन्यांनी बीपी १२८/७८, एलडीएल ६६, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम जागच्या जागी, खोकला नाही. एलडीएल अजून ५५ च्या वर आहे. पुस्तकाप्रमाणे आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषू न देणारं इझेटिमाइब जोडायला हवं, त्याने आणखी साधारण पाचवा हिस्सा उतरेल. रोझुवास्टॅटिन आणि इझेटिमाइब एकत्र असलेली गोळी मिळते, पण ती घेतली की ॲस्पिरिन कॅप्सूलमधून बाहेर पडून सुटं होतं, आणि सुटं ॲस्पिरिन आबा "मधनंमधनं" घेतात हे पिशवीने सांगितलेलं आहे. म्हणून जोडी तोडायची नाही. इझेटिमाइब वेगळी पाचवी गोळी म्हणून द्यायचं, आणि त्या बदल्यात पॅन्टोप्राझोल काढता येईल का ते आबांशी बोलायचं, असं ठरवलंय. त्या बोलण्याला सून हजर हवी, म्हणून पुढची भेट तिच्या सुट्टीच्या दिवशी घेतली आहे.